कथा सांगायची नाही

ताईंनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. तेवढ्या काळात त्यांनी अर्ध्या शहराची लग्नं जमताना ऐकली आणि पाव शहराची मोडताना. लाईन जोडून दिली की ऑपरेटरनं कान काढून घ्यायचा, असा नियम होता. नियम पाळणाऱ्या बायका दुपारच्या पाळीत पेंगायच्या. ताई कधी पेंगल्या नाहीत. पलीकडचा माणूस खोटं बोलतोय की नुसताच बायकोला घाबरतोय, हे त्यांना तिसऱ्या शब्दाला कळायचं, आणि चौथ्या शब्दाला त्या शेजारणीला डोळ्यानं खुणावायच्या.

निवृत्त झाल्यावर तीन वर्षांत काचबिंदूनं ते डोळे नेले. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग समोरचं. डॉक्टर म्हणाला, "बाई, उशीर केलात यायला." ताई म्हणाल्या, "आले वेळेवरच. तुमच्या बाकावर चार तास गेले." तेव्हापासून त्यांची उरलीसुरली भीडही गेली. आपल्या बोलण्यानं कुणाचं तोंड कसं पडतं हे आता बघावं लागत नव्हतं, आणि या सोयीचा त्यांनी पुरेपूर फायदा घेतला.

जे जे गेलं त्यात त्यांना एकाच गोष्टीची खरी हळहळ होती. सिनेमा. नोकरीत असताना दर शनिवारी दुपारचा खेळ ठरलेला. डोळे गेल्यावर त्यांनी टीव्हीसमोर बसून नुसतं ऐकून पाहिलं. पण मारामारीत कोण कुणाला मारतोय ते कळेना, आणि रडताना सगळ्या नायिका सारख्याच. दुसऱ्या महिन्यात त्यांनी टीव्हीवर चादर टाकली.

मग त्यांच्या मदतीला धावला तो धाकटा भाऊ. हा दातांच्या एका दवाखान्यामागच्या खोलीत बसून कवळ्या बनवायचा. प्लास्टरचे साचे, गुलाबी मेण, लहानमोठ्या दातांनी भरलेले खण. गल्लीत त्याला दंतोपंत म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा. दर शनिवारी तो सिनेमा पाहायचा, सहाला घरी यायचा, ताईंच्या पलंगाशी खुर्ची ओढायचा आणि सांगायला लागायचा. सिनेमा दोन तासांचा असला तर सांगणं अडीच तासांचं.

त्याच्या सांगण्याला एक खोड होती. तो माणूस ओळखायचा दातांवरून. "नायक आला, ताई. पुढच्या दोन दातांत फट, हसताना ओठ मिटून घेतो. व्हिलनचे दात मात्र एका रांगेत, रंग पहिल्या नंबरचा. एवढे पांढरे दात खऱ्या माणसाला नसतात, तेव्हाच मला संशय आला." ताईंना मग अख्खा माणूस दिसायचा. कोण खोलीत आलं, कुठे उभं राहिलं, दाराला कडी घातली की नुसतं लोटलं, सगळं तो साचा घेतल्यासारखं सांगायचा. सात वर्षं हे चाललं. डोळसपणी पाहिले नसतील इतके नीट ताईंनी या सात वर्षांत सिनेमे पाहिले.

आणि मग दंतोपंत चित्रपट रसास्वाद मंडळाचा सभासद झाला.

मंडळ भरायचं वाचनालयाच्या माडीवर. खुर्च्या चाळीस, माणसं तीस, त्यांतली दहा चहासाठी. अध्यक्षांचं रविवारच्या पेपरात सिनेमावर सदर असे. कुठलंही भाषण ते "मुळात सिनेमा म्हणजे काय?" इथून सुरू करत, आणि त्याचं उत्तर देईपर्यंत चहा गार होई. ताईंनी त्यांना न भेटताच 'उपोद्घात' हे नाव देऊन टाकलं होतं. अध्यक्षांच्या टेबलावर एक पितळी घंटा असे. सिनेमानंतर चर्चा, आणि चर्चेत नियम एकच: कथा सांगायची नाही. जो 'मग काय झालं' या वळणावर जाईल, त्याच्यावर घंटा वाजायची. कथा काय, कुणीही सांगतं, असं अध्यक्षांचं मत होतं. त्यांना स्वतःला ती सांगता येत नव्हती, हा भाग वेगळा.

पहिल्याच दिवशी दंतोपंत उठला आणि म्हणाला, "त्या आईचे वरचे चार दात बसवलेले आहेत, आणि ते मुलाला माहीत नाही." घंटा वाजली. तीस माणसं हसली. चहासाठी आलेली दहा तर जास्तच.

हे ताईंना कळलं ते वहिनीकडून. वहिनी म्हणजे दंतोपंताची बायको. नवऱ्याची फजिती ती भाजी निवडता निवडता सांगायची. "अहो वन्सं, घरी आले ते जेवलेच नाहीत. नवीन सभासदांना शब्दांची चोपडी देतात म्हणे, ऐंशी शब्दांची. ती आता दवाखान्यातल्या खोलीत भिंतीला टांगलीय. कवळी घासता घासता पाठ करतात. परवा एका म्हाताऱ्याला कवळी बसवून बघताना म्हणाले, 'आशयघन झालीय.' तो बिचारा म्हणाला, 'मला वाटलंच, जड लागतेय.'"

ताई हसल्या. पण त्या शनिवारी दंतोपंत खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "ताई, आजचा सिनेमा म्हणजे अवकाशाची एक अंतर्मुख मांडणी आहे," तेव्हा त्यांचं हसू मावळलं.

"बरं. कोण कोण होतं त्यात?"

"पात्रं इथे दुय्यम आहेत."

"पोटभाडेकरू होती का? नावं नसतील तर दात सांग."

"ताई, ती बघण्याची एक प्राथमिक पातळी झाली. इथे दृश्यभाषा बहुस्तरीय आहे. डीप फोकस, मिझाँसेन..."

ताईंनी उशापासचा स्टीलचा पेला घेतला आणि त्यावर चमचा वाजवला. टण्.

"हे काय?"

"तुमच्याकडेच घंटा असते होय? न कळणारा शब्द आला की ही वाजणार. मिझाँसेन म्हणजे काय ते सांग, मग पुढे जा."

दंतोपंतानं घसा साफ केला. चोपडीतली व्याख्या म्हणून दाखवली. टण्. पुन्हा म्हणाला. टण्. शेवटी वैतागून म्हणाला, "अगं, कोण कुठे उभं आहे, मागे काय ठेवलंय, उजेड कुठून येतोय, ते सगळं मिळून."

ताईंनी चमचा खाली ठेवला. "हा तर कामाचा शब्द आहे की रे. हेच तर तू सात वर्षं सांगत होतास. मग कोण कुठे उभं होतं?"

दंतोपंताला आठवेना. त्यानं पाहिलंच नव्हतं. सिनेमाभर तो कुठला शब्द कुठे बसवायचा ते ठरवत होता.

असे शनिवारमागून शनिवार गेले. ताईंनी पेला वाजवून वाजवून निम्मी चोपडी उलगडून घेतली. त्यांच्या जुन्या बोर्डावर पिना असत, एकेका पिनेमागे एकेक तार. त्यांनी शब्दांचीही तशीच वाटणी केली. क्लोजअप, जंप कट, डीप फोकस, यांच्या मागे तार होती. पीन लावली की पलीकडे काहीतरी बोलायचं. अंतर्मुख, आशयघन, बहुस्तरीय, तरल या नुसत्याच पिना. कुठेही खुपसा, पलीकडे कुणी नाही. "आणि तुझे उपोद्घात," त्या म्हणाल्या, "जिथे तार नाही तिथेच तासन् तास 'हॅलो हॅलो' करत बसतात."

टवाळी करायला हे ठीक होतं. पण ताईंचा शनिवार सुकत चालला होता. अडीच तासांचं सांगणं तासावर आलं, मग वीस मिनिटांवर. कारण दंतोपंत आता मोठा होऊ घातला होता. अध्यक्षांनी त्याला पुढच्या महिन्यात प्रास्ताविक करायला सांगितलं होतं. सिनेमाआधी दहा मिनिटं माईकसमोर उभं राहायचं. जन्मभर लोकांच्या तोंडात हात घालून बसलेल्या माणसाला स्वतःचं तोंड उघडायची पहिलीच संधी, आणि त्यानं ती डोक्यावर घेतली. एका शनिवारी तो दारातूनच म्हणाला, "आज बसत नाही, तयारी करायचीय. आणि खरं सांगू, ताई? ज्यांना सिनेमा कळतो ती माणसं कथा विचारत नाहीत."

ताई काहीच बोलल्या नाहीत. वहिनी घाबरली ती त्यामुळे. वन्सं गप्प बसल्याचं तिनं बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताई म्हणाल्या, "या शनिवारी मला घेऊन चल तुमच्या माडीवर. शेजारी बसून कानात सांग, पूर्वीसारखं. नाही जमलं तर पुन्हा मागणार नाही. टीव्हीसारखी तुझ्या खुर्चीवरही चादर टाकेन." आवाज सरळ होता. तो असा सरळ होई तेव्हा एक्स्चेंजमधले साहेबसुद्धा रजेच्या अर्जावर मुकाट्यानं सही करत.

शनिवारी ती दोघं शेवटच्या रांगेत बसली. सिनेमा परदेशी, खाली पाट्या. नदीकाठी एक घर, त्यात एक म्हातारा आणि म्हातारी. दंतोपंतानं सुरुवात केली, "चौकटीत एक रिक्त..." ताईंनी त्याच्या दंडाला चिमटा काढला. "दात."

"म्हाताऱ्याला दोन्ही कवळ्या," तो कुजबुजला. "खालची सैल आहे. जेवताना उचकटते."

पुढच्या रांगेतली बाई वळली. "शूः. लोकांना बघू द्या."

"मला दिसत नाही, बाई."

"ओह. सॉरी."

"तुम्हाला दिसतंय ना? मग पुढे बघा."

म्हातारा रोज संध्याकाळी कवळ्या काढून खिडकीतल्या पेल्यात टाकायचा. म्हातारीला त्याची किळस. त्यावरून भांडण, मग भांडणावरून भांडण. एके दिवशी म्हाताऱ्यानं कवळ्या तोंडात घातल्या, काठी घेतली आणि निघून गेला. पेला रिकामा राहिला. दंतोपंत सांगत होता, "पेला तिनं काढला नाही, ताई. रोज पाणी मात्र बदलते. त्यात काही नसताना." ताईंनी त्याचा दंड सोडून दिला. त्यांना सगळं दिसत होतं.

शेवटाकडे मात्र दंतोपंताची कुजबुज थांबली. त्यानं खिशातून कागद काढल्याचं ताईंनी ऐकलं. आज चर्चेत बोलायचं होतं ना. पडद्यावर वारा होता, पानांची सळसळ. मग कडी. काठी, पाऊल, काठी, पाऊल. मग पाण्यात काहीतरी पडल्याचा बारीकसा आवाज, टुळुक. एकदाच. मग संगीत, आणि खुर्च्या सरकल्या.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"काही नाही. ती खिडकीकडे पाठ करून बसलीय. संपला."

अध्यक्ष उभे राहिले. मुळात एकाकीपणा म्हणजे काय, इथून निघून ते पाव तासानं सिनेमापर्यंत पोचले. "अखेरीस ती एकटीच उरते. अवकाश तिला गिळून टाकतो. आणि तो थेंब! गळणाऱ्या नळातून पडणारा तो एकमेव थेंब म्हणजे काळाचं रूपक आहे." तिघांनी 'वा' म्हटलं. एक जण अंतर्मुख झाला. मग अध्यक्ष म्हणाले, "आपले पुढच्या महिन्याचे प्रास्ताविककार दोन शब्द बोलतील."

दंतोपंत उठला. कागदाची घडी मोडली. "या शेवटच्या चौकटीतली रिक्तता..."

तिसरा शब्द, आणि ताईंना कळलं. भाऊ खोटं बोलत होता. नुसता घाबरलेला असता तर आवाज वर गेला असता. हा खाली गेला होता.

"रिक्त होती का रे?" त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. "म्हातारा परत आला ना?"

घंटा वाजली. "बाई," अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, "आम्ही इथे कथा सांगत नाही."

"मीही नाही सांगत. विचारतेय. कडी वाजली, काठी वाजली, पाऊल वाजलं, आणि मग तुमचा थेंब पडला. थेंब कधी काठी टेकत येतो का? आणि नळ गळत असेल तर एकदाच गळून थांबेल कशाला, तुम्हाला रूपक हवंय म्हणून?"

पुन्हा घंटा. या वेळी जोरात.

"वाजवा, वाजवा," ताई म्हणाल्या. "आमच्या ऑफिसात घंटा वाजली की कुणीतरी ऐकायला बसायचं. इथे उलटंच दिसतंय." मग त्यांनी मान वळवली, नेमकी भावाच्या दिशेला. "तू काय पाहिलंस ते सांग. लाईन धरून ठेवलीय मी."

वहिनीनं नंतर गल्लीभर सांगितलं की हे पांढरेफटक पडले होते. ती तिथे नव्हती, पण तिचं बरोबर असावं. दंतोपंतानं कागद घडी करून खिशात घातला. तो आवाज ताईंनी ऐकला.

"पेला रिकामा नव्हता," तो म्हणाला. "कोपऱ्यात दिसत होता. त्यात कवळी होती. खालची. नुसती खालची." त्याचा आवाज आता त्याच्या नेहमीच्या जागी आला होता. "माणूस खालची आधी काढतो. ती सैल असते. वरची अजून त्याच्या तोंडात आहे. म्हणजे तो तिथेच उभा आहे, पडद्याच्या जरासा बाहेर. दुसरी काढायच्या आत सिनेमा संपवलाय."

घंटा वाजली, पण उशिरा, आणि अर्धवट. अध्यक्ष म्हणाले, "हा वाचनाचा एक प्राथमिक स्तर झाला," आणि चहाची घोषणा केली. पुढच्या रांगेतली बाई मात्र चहाला न जाता दंतोपंताला विचारत होती, "खरंच खालची होती?"

घरी येताना त्याचं तोंड उतरलेलं होतं. "प्रास्ताविक गेलं माझं."

"गेलं तर गेलं. दहा मिनिटं काय बोलणार होतास? रिक्तता?"

"थोडी तरी सहानुभूती दाखव."

"दाखवली असती. तुला दिसलेलं मला सांगताना 'काही नाही' म्हणालास, ते अजून कानात आहे माझ्या."

पायरी आली तिथे त्यानं त्यांचा हात धरला.

प्रास्ताविक खरोखरच गेलं. आपल्या मांडणीत कथनाचा अंश अधिक आहे, अशी दोन ओळींची चिठ्ठी आली. आणि रविवारी पेपर आला. वहिनीनं अध्यक्षांचं सदर मोठ्यानं वाचायला घेतलं आणि तिसऱ्या परिच्छेदात अडखळली.

"'अंतिम चौकटीत दंतपंक्तीचा अर्धाच साक्षात्कार घडतो. चौकटीबाह्य अवकाशाशी झालेला हा अपूर्ण विनिमय अनुपस्थितीचं विलंबित उपस्थितीत रूपांतर करतो, आणि डायजेटिक ध्वनी त्यावर जलस्पर्शाची मोहर उमटवतो. प्रस्तुत लेखकास हे प्रथमदर्शनीच जाणवलं.' अहो, हे काय आहे?"

"चोरी आहे," ताई म्हणाल्या. "कपडे बदलून आणलीय, एवढंच. दंतोपंत, उलगड."

दंतोपंत संतापानं लाल होईल असं वहिनीला वाटलं होतं. पण तो पेपर हातात घेऊन शांतपणे एकेक शब्द सोडवायला बसला. "दंतपंक्तीचा अर्धा साक्षात्कार म्हणजे खालची कवळी. चौकटीबाह्य अवकाश म्हणजे म्हातारा. दिसत नाही, पण आहे. विलंबित उपस्थिती म्हणजे उशिरा आला."

"आणि ते डाय काय?"

"डायजेटिक ध्वनी. म्हणजे जो आवाज नुसता आपल्यालाच नाही, तर सिनेमातल्या माणसांनाही ऐकू येतो तो. जलस्पर्श म्हणजे टुळुक."

ताईंचा हात सवयीनं चमच्याकडे गेला होता, तो अर्ध्यावर थांबला. "सिनेमातल्या माणसांनाही? म्हणजे तिलाही ऐकू आलं?"

"हो. यायलाच हवं."

"याला तार आहे हं," ताई हळूच म्हणाल्या. "एवढा चांगला शब्द त्या माणसाच्या हाती लागला आणि त्यानं नुसता चिकटवून टाकला. अरे, ती पाठमोरी बसलीय. मागे कवळी पडल्याचं तिनं ऐकलं. मग तिनं वळून का नाही पाहिलं?"

पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्ची ओढल्याचा. कितीतरी आठवड्यांत ती खुर्ची पलंगाच्या इतक्या जवळ आली नव्हती.

"तिचे खांदे," तो म्हणाला. "वर ओढून बसली होती, थंडीत बसतात तशी. आवाज झाल्यावर ते खाली आले. अगदी जरासे. मी पाहिलं होतं ते."

"आणि सांगितलं नाहीस."

"त्याला चोपडीत शब्द नव्हता, ताई."

वहिनीनं नवऱ्याकडे पाहिलं, मग नणंदेकडे, आणि भाजीचं ताट उचलून ती तिथेच येऊन बसली.

"बरं," ताईंनी पेला आणि चमचा दोन्ही लांब सरकवले. "आता पहिल्यापासून सांग. म्हातारीचे दात स्वतःचे होते का?"